काटा वर का जातो? अंगणातली मारुती ८००

हा खंबाटकी घाट. पुण्याकडून साताऱ्याला येतानाचा चढ, मे महिना, भर दुपार. डावीकडे बघत चला, वळणावळणावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या. त्यातली ही पांढरी मारुती ८००, २००४ ची, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. टेम्परेचरचा काटा एच (हॉट) च्या पार टोकाला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ. गाडी वाईकडच्या काकांची, सोबत त्यांचा पुतण्या. काका फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे निघाले तेवढ्यात पुतण्या ओरडला, "काका, हात लावू नका, गार होऊदे आधी!"

बरोबर ओरडला. ते झाकण कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून ठेवतं, त्यावर ०.९ असं लिहिलेलं दिसतंय ना, तो दाब. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा जवळपास ११८ डिग्रीपर्यंत उकळत नाही. गरम असताना झाकण फिरवलं की दाब गेला, आणि आतलं सगळं एकदम उकळून तोंडावर.

गार झाल्यावर पाणी भरलं आणि हीटर फुल सोडून गाडी हळूहळू घरी आणली. हो, मे मध्ये हीटर, कारण हीटरचा छोटा रेडिएटर पण इंजिनचीच उष्णता खेचतो. दोघं घामाघूम, पण काटा खाली आला.

आता अंगण, आंब्याची सावली, आणि पहिला प्रश्न गाडीला नाही तर काकांना: तापते कुठं? सिग्नलला उभी असताना तापते आणि पळताना ठीक राहते, तर संशय फॅनवर. चढाला तापते तर रेडिएटर, वॉटर पंप, पाण्याचं फिरणं. काका म्हणाले, "गावात काही नाही रे, घाटातच." तरी फॅन बघितला, बॅटरीवरून डायरेक्ट करंट दिला, गरागरा फिरला. पंपाचा बेल्ट टाइट. ऑइलचं झाकण उघडून बघितलं, आत दुधी साय नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलेलं नाही. रेडिएटर उघडा ठेवून गाडी चालू केली, बुडबुडे नाहीत, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) शाबूत. हेड ॲल्युमिनियमचं असतं, तापवत राहिलं तर वाकतं, गॅस्केट जातं, मग इंजिन काम आणि मोठा खर्च. तिथपर्यंत गेलं नव्हतं.

पण पाण्याचा रंग बघा. विटकरी! बोअरचं पाणी, क्षार आणि गंज. काका नेमाने घरच्या नळाचंच पाणी ओतत आले. कूलंट (पाण्याऐवजी भरायचं, गंज रोखणारं द्रव) काय, पाणीच तर आहे, असं म्हणणारे आपल्याकडं घरोघरी आहेत.

ही टेम्परेचर गन, रेडिएटरवर फिरवली की कळतं, मधला पट्टा चांगला गरम आणि उजवी बाजू नुसती कोमट. कोमट म्हणजे तिथल्या नळ्या चोक, गरम पाणी तिकडं जातच नाही. मग दोन्ही होज (रेडिएटरचे रबरी पाइप) काढले आणि बागेचा पाइप खालच्या तोंडाला लावला, उलटा प्रवाह, वरच्या तोंडातून काय बाहेर येतंय ते तुमच्यासमोर आहे, गंज, खपल्या, पुन्हा गंज, बादली भरली, ओतली, परत भरली, पाणी स्वच्छ दिसायला लागेपर्यंत हेच. तरी थोड्या नळ्या अडून बसल्याच. रेडिएटर पितळी, त्यामुळे त्या रेडिएटरवाल्याकडून रॉड घालून मोकळ्या करून घेतल्या.

आणि आता हे. वरचा होज जिथं बसतो तिथलं हाउसिंग, दोन बोल्ट, उघडलं. आत थर्मोस्टॅट वॉल्व्ह पाहिजे. काहीच नाही, रिकामं.

कधीतरी कुठल्यातरी गॅरेजमध्ये काढून टाकलाय. "वॉल्व्ह काढला की गाडी गरम होत नाय साहेब", हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल, आणि मला याचा खरंच राग येतो, कारण गाडी थोडे दिवस गार चालते आणि मूळ रोग झाकला जातो. इंजिन गार असताना वॉल्व्ह बंद राहतो, पाणी रेडिएटरकडं जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर तापून कामाच्या टेम्परेचरला येतं. तो नसला की सपाट रस्त्यावर इंजिन थंडच राहतं, एमपीएफआय (कॉम्प्युटरने पेट्रोल मोजून सोडणारी) गाडी थंड समजून पेट्रोल जास्त सोडते, ॲव्हरेज पडतो, झीज वाढते. इकडं रेडिएटर चोक होत जातो आणि कुणाला पत्ताच नाही, घाट लागेपर्यंत.

नवा वॉल्व्ह आणला, पण बसवायच्या आधी ही परीक्षा. काकूंनी दिलेलं जुनं पातेलं (परत स्वयंपाकघरात येणार नाही या अटीवर), पाणी, वॉल्व्ह दोऱ्याला टांगलेला, बाजूला थर्मामीटर. वॉल्व्हवर ८२ कोरलंय, म्हणजे साधारण तेवढ्या डिग्रीला उघडायला लागणार. साठ, काही नाही. सत्तर, काही नाही. काका वाकून वाकून बघतायत. ऐंशी. आणि आता बघा, बारीकशी फट, आतलं मेण वितळून फुगतंय आणि तेच स्प्रिंगविरुद्ध दांडी ढकलतंय, ना वायर ना सेन्सर. पंच्याण्णवला पूर्ण उघडा. बाहेर काढला, गार झाला, आपोआप बंद. काका म्हणाले, "परत कर की."

बसवताना त्याची छोटी हलती पिन वरच्या बाजूला, म्हणजे अडकलेली हवा निघते. नवं गॅस्केट, नवीन क्लिपा, आणि रेडी मिक्स कूलंट. झाकण उघडं ठेवून गाडी आयडलवर, होज हाताने दाबत राहायचं, बुडबुडे येतात. मग एका क्षणी पातळी खटकन खाली जाते, वॉल्व्ह उघडला, अजून ओता. सांडलेलं कूलंट लगेच पुसलं, चवीला गोड आणि विषारी असतं, अंगणात कुत्रं आहे.

हा पसरणी घाट, वाईहून पाचगणीला. सेकंड गिअर, चौघं गाडीत. काटा अर्ध्याच्या खाली, वरच्या वळणापर्यंत तिथंच. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनवर कूलंटची जादा बाटली बघितली तर बोटभर कमी, हवा निघाली की तेवढं होतंच. काकांनी स्वतः टॉप अप केलं, कूलंटनेच.