हात लावून पाहावी अशी गिटार

(पडद्यावर: मिशिगन सरोवराचा काठ, सकाळची वेळ.)

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठी वसलेल्या मिलवॉकी शहरात ‘डिस्कव्हरी वर्ल्ड’ नावाचे विज्ञान केंद्र आहे. गिटारवादक आणि संशोधक लेस पॉल यांचे दालन तेथे २००८ मध्ये, म्हणजे ते स्वतः हयात असतानाच, उघडले. नामवंत वादकाची जुनी वाद्ये म्हटली की काचेची पेटी, मंद दिवा आणि ‘हात लावू नये’ ही पाटी ठरलेलीच असते. येथे मात्र पाहणाऱ्याने स्वतः तार छेडून पाहावी अशी अपेक्षा आहे; आणि हाती लागलेले प्रत्येक यंत्र ज्याने आयुष्यभर उघडून पाहिले, त्या माणसाच्या बाबतीत दुसरी कुठलीही मांडणी शोभली नसती.

लेस्टर पॉल्सफस हे त्यांचे मूळ नाव. त्यांचा जन्म ९ जून १९१५ रोजी मिलवॉकीच्या पश्चिमेला सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या वॉकेशा या गावात झाला. शाळकरी वयातच रस्त्याकडेच्या खाद्यगृहाबाहेर तो गाऊ-वाजवू लागला, पण गाड्यांमध्ये बसून खाणाऱ्या लोकांपर्यंत त्याची गिटार पोचेना. तेव्हा त्याने ग्रामोफोनची सुई गिटारच्या लाकडात खुपसली आणि तिचा आवाज रेडिओतून बाहेर काढला. आवाज मोठा झाला खरा, पण त्याबरोबर कर्कश शिट्टीही सुरू झाली.

ही शिट्टी नीट समजून घेण्याजोगी आहे. तंबोऱ्याला भोपळा ज्या कामासाठी लागतो त्याच कामासाठी गिटारला पोकळ पेटी असते. एकट्या तारेचा आवाज क्षीण असतो आणि पोकळी तो भरीव करते. मात्र समोर स्पीकर आला की हीच पोकळी नडते. स्पीकरचा आवाज पेटीला हलवतो, पेटी तारेला हलवते, तो आवाज पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो आणि हे चक्र वाढत वाढत किंचाळू लागते. लेस्टरने पेटीत कापड कोंबून पाहिले, प्लास्टर ओतून पाहिले आणि शेवटी आगगाडीच्या रुळाचा अडीच फुटी तुकडा आणून त्यावरच तार ताणली. रूळ स्वतः हलत नसल्यामुळे तार बराच वेळ वाजत राहिली. घोड्यावर बसून रूळ वाजवणारा काऊबॉय कधी पाहिला आहेस का, या आईच्या एका प्रश्नाने मात्र तो प्रयोग तेथेच संपला.

(पडद्यावर: लाकडी ओंडक्याची गिटार, जवळून.)

रूळ गेला, पण त्यामागची कल्पना टिकली. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील एपिफोन या गिटार बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात, रविवारच्या सुट्टीत, लेस पॉल यांनी चार इंच जाडीच्या पाइनच्या खांबावर तारा आणि पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारा भाग, बसवले. हाच तो ‘लॉग’, म्हणजे ओंडका. नुसता खांब वाजवला तेव्हा श्रोत्यांनी ढुंकून पाहिले नाही. पुढे त्याच्या दोन्ही बाजूंना गिटारचे अर्धे-अर्धे अंग जोडून नेले, तर टाळ्या पडल्या, असे ते सांगत असत. त्या अंगाचा आवाजाशी काडीचाही संबंध नव्हता.

गिब्सन या गिटार बनवणाऱ्या कंपनीने आधी या खांबाची झाडूचा दांडा म्हणून टर उडवली. मग १९५२ मध्ये लेस पॉल यांच्याच नावाची, सोनेरी रंगाची भरीव गिटार बाजारात आणली. ती गळ्यात अडकवताक्षणी खांद्याला जाणवते ते वजन, जवळजवळ चार किलो. त्या पहिल्या वर्षीच्या गिटारीत तारा घोडीच्या दांड्याखालून वळवलेल्या होत्या, त्यामुळे उजवा तळवा तारांवर टेकवून आवाज दाबण्याची वादकांची नेहमीची खुबी तिच्यावर साधत नसे. छायाचित्रात हा दोष कळत नाही, पण तळव्याला तो पहिल्या मिनिटात कळतो. पॉल यांच्याच संग्रहातील एक सोनेरी गिटार २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ९ लाख ३० हजार डॉलरना विकली गेली. एवढी किंमत पडल्यावर तिच्यावर तळवा टेकवण्याचे धाडस कोण करणार, हा प्रश्नच आहे.

पिकअपचे गुपितही हातानेच उकलते. तो म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकासमोर थरथरली की वेढ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उमटतो. नायलॉनची तार चढवली तर पिकअप मुका होतो. साधा स्क्रू-ड्रायव्हर त्याला टेकवला तरी स्पीकरमधून ‘ठक्’ असे उत्तर येते.

१९४८ च्या जानेवारीत झालेल्या मोटार अपघातात पॉल यांच्या उजव्या कोपराचा चुराडा झाला. कोपर पुन्हा वाकणार नव्हते, म्हणून गिटार धरता येईल अशाच कोनात हात कायमचा बसवावा, असे त्यांनी डॉक्टरांना सांगितले.

(पडद्यावर: टेपची फिरती चाके.)

पुढच्याच वर्षी गायक बिंग क्रॉस्बी यांनी त्यांना अँपेक्सचे टेप-यंत्र भेट दिले. त्यात पॉल यांनी एक जादा हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, बसवले. ते जुना आवाज आधी वाचून घेत असे, त्यात नवा आवाज मिसळला जाई आणि दोन्ही मिळून त्याच टेपवर पुन्हा उमटत. मधल्या वेळात जुना आवाज पुसला गेलेला असे. अशाच थरांवर थर चढवून पॉल आणि त्यांच्या पत्नी मेरी फोर्ड यांनी केलेले ‘हाऊ हाय द मून’ हे गाणे १९५१ मध्ये नऊ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. आज चुकलेला थर तेवढा काढून टाकता येतो. त्या टेपवर मात्र दहाव्या थरात बोट चुकले, तर आधीचे नऊही गेले. शिवाय प्रत्येक फेरीत खालचे थर थोडे मळत. म्हणून साथीचे, कमी महत्त्वाचे आवाज आधी उरकून घेतले जात, आणि मेरी यांचा मुख्य स्वर सगळ्यांच्या शेवटी.