एका ‘चा’ची गोष्ट

अध्यक्षबाईंनी ओळख करून देताना मला ‘जर्मनीचे अभ्यासक’ म्हटलं. ‘जर्मन अभ्यासक’ म्हटलं असतं तर तुम्ही माझ्या तोंडाकडे जरा निरखून पाहिलं असतं. (हशा) आजचं बोलणं त्या फरकाबद्दलच आहे. फलकावर ‘जर्मनीचं एकीकरण आणि त्यानंतरचं राजकारण’ असं लिहिलंय, त्याकडे मी येणार आहे, संयोजकांनी काळजी करू नये. पण आधी ‘चा’. नाही नाही, मागच्या रांगेतल्यांनी उठू नका, तो चहा व्याख्यानानंतर आहे. मी षष्ठीच्या प्रत्ययाबद्दल बोलतोय.

शाळेत आपण काय शिकलो? प्रशिया या सगळ्यांत मोठ्या जर्मन राज्याचा पंतप्रधान बिस्मार्क, रक्त आणि लोखंड, तीन युद्धं: १८६४ ला डेन्मार्क, १८६६ ला ऑस्ट्रिया, १८७० ला फ्रान्स. मग १८ जानेवारी १८७१, व्हर्सायचा आरसेमहाल, साम्राज्याची घोषणा आणि मधोमध पांढऱ्या कोटातला बिस्मार्क. झाली जर्मनी, लिहा पाच मार्कांचं उत्तर. आता तो कोटसुद्धा खोटा आहे बरं का. त्या दिवशी बिस्मार्क निळ्या गणवेशात होता. चित्रकार अँटोन फॉन वेर्नर स्वतः तिथे हजर होता, त्याला हे ठाऊक होतं. पण १८८५ मध्ये बिस्मार्कच्या सत्तरीला भेट द्यायचं म्हणून त्यानं जे चित्र केलं, त्यात कोट पांढरा झाला. आजारी असल्यामुळे तिथे नसलेला युद्धमंत्री रोनही शेजारी येऊन उभा राहिला. पुस्तकांत छापतात ते हेच चित्र.

खरी लढाई आदल्या दिवशी झाली, १७ जानेवारीला, बंद खोलीत. त्र्याहत्तर वर्षांचा प्रशियाचा राजा विल्हेल्म हट्टाला पेटला होता. त्याचं म्हणणं, सम्राट व्हायचंच असेल तर ‘जर्मनीचा सम्राट’ होईन. बिस्मार्क म्हणत होता, नाही, ‘जर्मन सम्राट’. कारण ‘जर्मनीचा’ म्हटलं की सगळ्या भूमीवर मालकी आली. मग बाकीच्या जर्मन राज्यांचे राजे, म्हणजे बव्हेरियाचा कोण, वुर्टेम्बर्गचा कोण? भाडेकरू? ते असलं काही मान्य करणार नव्हते. ‘जर्मन सम्राट’मध्ये कुणाची जमीन जात नाही, ते नुसतं विशेषण. राजाला मात्र ते नेमकं कळत होतं. ‘मानद मेजर होऊन मी काय करू?’ असं त्यानं चिडून विचारल्याचं बिस्मार्कनं आठवणींत लिहून ठेवलंय.

तिसराही एक पर्याय होता, पण त्याचं नाव काढायची सोय नव्हती. १८४९ मध्ये फ्रँकफुर्टच्या, क्रांतीतून उभ्या राहिलेल्या संसदेनं विल्हेल्मच्या थोरल्या भावाला मुकुट देऊ केला होता, तो ‘जर्मनांचा सम्राट’ म्हणून. म्हणजे लोकांचा. थोरल्या राजेसाहेबांना त्या मुकुटाला क्रांतीची दुर्गंधी आली आणि त्यांनी तो परत पाठवला. गंमत पाहा, तेव्हा मुकुट घेऊन गेलेल्या शिष्टमंडळाचा प्रमुख होता एडुआर्ड सिमसन. डिसेंबर १८७० मध्ये व्हर्सायला विनंती घेऊन गेलेल्या खासदारांचा प्रमुखही हाच सिमसन. या वेळी त्याचं ऐकून घेतलं, पण आधी राजेरजवाड्यांची संमती आल्यावर. आरसेमहालातला दिवस तर गणवेशांचाच होता.

जर्मनांचा, जर्मनीचा, जर्मन. तीन शब्दांत तीन देश आहेत. हे मी कित्येक वर्षं सांगतोय आणि यापायी मी काय भोगलंय तेही सांगतो, कारण आज माइक माझ्या हातात आहे.

एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी यावर लेख दिला. शीर्षक, ‘जर्मनीचा की जर्मन?’ रविवारी सकाळी अंक उघडतो तर शीर्षक, ‘जर्मनीचा की जर्मनीचा?’ (हशा) कुणा उपसंपादकानं भाषा शुद्ध करायच्या उत्साहात सगळीकडे एकसारखा बदल केला होता. आत वाक्य असं : ‘विल्हेल्मला जर्मनीचा सम्राट व्हायचं होतं, पण बिस्मार्कनं त्याला जर्मनीचा सम्राट केलं, त्यामुळे तो रडला.’ आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ जिन्यात भेटले, म्हणाले, आनंदाश्रू का हो? मी फोन केला. उपसंपादक अगदी नम्र. म्हणाले, ‘सर, जर्मन सम्राट म्हटलं की वाचकाला जर्मनचं पातेलं आठवतं.’ यावर काय बोलणार! दोन आठवड्यांनी कोपऱ्यात खुलासा आला : ‘जर्मनीचा सम्राट या ऐवजी जर्मनीचे सम्राट असे वाचावे.’ आदरार्थी बहुवचन. विल्हेल्मला तेवढंच समाधान.

असो. बव्हेरियाच्या लुडविगचं सांगायलाच हवं. सम्राटपद स्वीकारा अशी विनंती राजांकडून यायला हवी होती आणि राजांत मोठा हा. तेव्हा विनंतीपत्राचा मसुदा बिस्मार्कनंच लिहिला आणि काउंट होल्नस्टाईनच्या हाती दिला. काउंट रेल्वेनं होहेनश्वांगाऊला पोचला, तर राजेसाहेब दाढदुखीनं अंथरुणात. तरी पत्र लिहून मिळालं. पुढे लुडविगला गुपचूप पैसेही मिळत राहिले. ते यायचे १८६६ मध्ये पदच्युत केलेल्या हॅनोव्हरच्या राजाच्या जप्त संपत्तीतून. एका राजाची गादी विकून दुसऱ्याची सही घेतली, आणि ती सही तिसऱ्याला नकोशी!

कारण विल्हेल्म खरंच रडला. उद्याचा दिवस आयुष्यातला सर्वांत दुःखाचा, उद्या आपण प्रशियाचं राज्य पुरणार, असं म्हणाला. दुसऱ्या दिवशी जयघोष करायची जबाबदारी त्याच्या जावयावर होती, बाडेनचा ग्रँड ड्यूक फ्रीडरिश. जावई हुशार. तो ओरडला, ‘सम्राट विल्हेल्म यांचा विजय असो!’ कशाचा सम्राट, ते गाळलंच. विल्हेल्म चौथऱ्यावरून उतरला आणि बिस्मार्कसमोरून हात न मिळवता पुढे गेला. तीन दिवसांनी बिस्मार्कनं बायकोला लिहिलं की हे बाळंतपण फार अवघड गेलं, अशा वेळी राजांनाही बायकांसारखे डोहाळे लागतात, आणि सुईण म्हणून मला वाटत होतं, आपण बाँब व्हावं आणि फुटावं.

‘ची’ मिळालेलंही एक उदाहरण आहे. याच विल्हेल्मच्या सुनेची आई म्हणजे राणी व्हिक्टोरिया. तिच्यासाठी १८७६ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत ती ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ म्हणून जाहीर झाली. षष्ठीसकट. इथे कुणा लुडविगची दाढ सांभाळायची नव्हती.

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे.’ बरं. तर मुख्य विषय, भराभर सांगतो.

‘चा’ नव्हता, म्हणजे ते राज्य लोकांचंही नव्हतं आणि धड सम्राटाचंही नव्हतं, ती राजांची सहकारी संस्था होती. पंचवीस घटक. बव्हेरियाची टपाल तिकिटं १९२० पर्यंत वेगळी, बिअरवरचा कर वेगळा, शांततेच्या काळात सैन्यसुद्धा तिथल्या राजाच्या हाताखाली. वरच्या सभागृहात ५८ मतं, त्यांतली १७ प्रशियाची, आणि घटनादुरुस्ती अडवायला १४ पुरेशी. म्हणजे संस्था सहकारी, पण चेअरमन ठरलेला. तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. (हशा) खालच्या सभागृहाला पंचवीस वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांचं मतदान, आणि प्रशियाच्या विधानसभेत मात्र कराच्या हिशेबानं तीन वर्गांचं, थेट १९१८ पर्यंत. चान्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, उत्तरदायी फक्त सम्राटाला. १९१३ मध्ये अल्सेसमधल्या जाबर्न गावात लष्करानं मनमानी करून नागरिकांना पकडलं, तेव्हा संसदेनं चान्सलर बेथमान होल्वेगवर २९३ विरुद्ध ५४ मतांनी अविश्वास दाखवला. तो जागेवरच राहिला. कायद्यानं त्याचं काही चुकलंही नव्हतं.

बिस्मार्कनं कॅथलिकांशी भांडण काढलं, समाजवाद्यांवर १८७८ ते १८९० बंदी घातली, मधेच १८८३ ला कामगारांना आजारपणाचा विमा दिला, यावर खरं तर आख्खं व्याख्यान... बरं, बरं, घड्याळ दाखवू नका.

शेवटचं. नोव्हेंबर १९१८. युद्ध हरलेलं, दुसरा विल्हेल्म बेल्जियममध्ये स्पा इथे. त्याच्या डोक्यात कल्पना आली की सम्राटपद सोडू, पण प्रशियाचा राजा म्हणून राहू. आजोबांना जे विशेषण नको होतं, ते नातू सोडायला तयार, ‘चा’ तेवढा राहू दे! पण घटनेचं अकरावं कलम सांगत होतं की जो प्रशियाचा राजा, तोच जर्मन सम्राट. सुटं काढता येत नव्हतं. ९ नोव्हेंबरला चान्सलरनं त्याची वाट न पाहता दोन्ही पदांचा त्याग परस्पर जाहीर करून टाकला. हा चान्सलर प्रिन्स माक्स, बाडेनचा. आरसेमहालात जयघोष करणाऱ्या फ्रीडरिशचा सख्खा पुतण्या. काका-पुतण्या म्हटल्यावर हसू नका, हे बाडेनचे आहेत. (हशा) विल्हेल्म हॉलंडला गेला आणि २८ नोव्हेंबरला आमेरोंगेनहून त्यानं सहीचा कागद पाठवला. त्यात आधी आहे ‘प्रशियाच्या मुकुटावरचा हक्क’, आणि मग ‘त्याला जोडून येणारा जर्मन सम्राटपदाचा हक्क’. कागदावर ते ‘जर्मन’च आहे, मी मूळ मजकूर तपासलाय. आता चहा.