बर्फ काढाल, पण टाकाल कुठे?

हिवाळ्याची तयारी म्हटली की पहिला प्रश्न येतो, स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उडवून बाजूला फेकणारं मशीन, कुठला घ्यायचा? मशीनचं नंतर बघू. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या आपल्या मिनियापोलिसला मोसमात सरासरी 50 इंचांच्या आसपास बर्फ पडतो, आणि डिसेंबरात कडेला सारलेला ढीग बहुधा मार्चपर्यंत हलत नाही. तेव्हा आधी जागा ठरवा, तीही जमीन गोठण्यापूर्वी. ड्राइव्हवेच्या, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतच्या गाडीवाटेच्या, कडा बर्फाखालीही कळाव्यात म्हणून लावायच्या चमकपट्टीच्या काठ्या तेव्हाच ठोकता येतात. नंतर हातोडा मोडेल, काठी आत जाणार नाही.

20 बाय 40 फुटांच्या ड्राइव्हवेवर 6 इंच पडला तर 400 घनफूट बर्फ झाला. भुसभुशीत असला तरी त्याचं वजन टनभर भरतं, ओला असला तर अडीच-तीन टन. एवढं एकदम उपसायला जाऊ नका. 3 इंच साचला की एक हात फिरवा, थांबला की दुसरा.

खरी डोकेदुखी ड्राइव्हवेच्या तोंडाशी. तुम्ही सगळं लख्ख करून चहाला बसता आणि पालिकेचा प्लाऊ, म्हणजे पुढच्या पात्याने रस्त्यावरचा बर्फ कडेला सारणारा ट्रक, येऊन तिथे बर्फाचा बांध घालून जातो. दाराकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. इथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे प्लाऊ तुमच्या डाव्या हाताने येणार. म्हणून आपला बर्फ उजवीकडे टाका आणि डावीकडे रस्त्याच्या कडेला आठ-दहा फुटांचा पट्टा मोकळा ठेवा. प्लाऊच्या पात्यावरचा बराचसा माल तिथेच उतरतो. उरलेला बांध ओला असतानाच फोडा, रात्रभरात त्याचा दगड होतो. आणि तो रस्त्यावर ढकलायचा नाही, मिनेसोटात ते कायद्याविरुद्ध आहे.

उरलेला बर्फ वितळवायला मीठ आपण फार टाकतो. कॉफीचा एक मोठा मग 20 फुटी ड्राइव्हवेला पुरतो. खडे एकमेकांपासून तीनेक इंचांवर पडावेत. ड्राइव्हवेच्या पृष्ठभागाचं तापमान 15 फॅरनहाइटच्या खाली गेलं की साधं मीठ जवळजवळ निकामी. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड वापरा, नाहीतर पाय घसरू नये म्हणून नुसती वाळू. नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात मीठ नकोच, पृष्ठभागाचे पोपडे निघतात.

आता सोसायटीचं पार्किंग. 100 बाय 200 फुटांच्या जागेवर 6 इंच पडला की 10,000 घनफूट. ढकलून, दाबून निम्मा झाला आणि ढिगाची सरासरी उंची 5 फूट धरली, तरी 1,000 चौरस फूट जागा गेली. म्हणजे सहा गाड्यांची, तीही एकाच हिमवर्षावात! त्यामुळे मोसमभरासाठी किती जागा सोडायची, की जानेवारीत ट्रकने उचलून न्यायचं, हे ऑक्टोबरातच ठरवा. ढीग उताराच्या खालच्या बाजूला हवा, गटाराच्या जाळीजवळ पण जाळीवर नाही. वरच्या बाजूला घातलात तर दुपारी वितळलेलं पाणी सगळ्या पार्किंगभर पसरतं आणि रात्री त्याची काच होते; घसरून पडण्याचे प्रकार यातूनच होतात. अपंगांच्या जागा, त्यांच्या शेजारचा रेघांचा पट्टा, फायर हायड्रंटभोवतीचे 3 फूट आणि भिंतीतून बाहेर आलेले फर्नेसचे (घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचे) पाइप यांच्यापाशी ढीग चालणार नाही.

बर्फ काढणाऱ्याशी केलेल्या कंत्राटात नुसतं 'बर्फ काढणे' लिहू नका. किती इंच बर्फ साचल्यावर त्याची गाडी येणार, बर्फ थांबल्यावर किती तासांत काम संपणार, मीठ दरात धरलंय की वेगळं, आणि उभ्या गाड्यांमागचा बर्फ कोण काढणार, हे लिहून घ्या. शेवटच्या मुद्द्यावर हमखास भांडणं होतात. त्यासाठी गाड्या हलवायची वेळ सगळ्या घरांना आधी कळवून ठेवा.