तीन गोल काढा

बीड जिल्हा, धारूरकडचा डोंगरपट्टा. दिवाळी झाली की गाव असं रिकामं व्हायला लागतं. ट्रॅक्टरमध्ये गोधड्या, भांडी, शेळ्या, तान्ही लेकरं, सगळं भरून माणसं ऊसतोडीला निघालीत, कोण कोल्हापूर-सांगलीकडं, कोण कर्नाटकात. शाळेतली पोरं आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात.

हा नववीचा वर्ग. बाईंनी कोरा कागद दिलाय आणि एवढंच सांगितलंय की तीन गोल काढा, एक तुमचं मागचं, एक आत्ताचं, एक पुढचं, केवढे काढायचे, चिकटवायचे का लांब ठेवायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस कॉटल यांची 1967 सालची ही टेस्ट, माणूस आपल्या काळाकडं कसं बघतो ते कळायला. मोठा गोल म्हणजे तो काळ मनात मोठा, आणि गोल एकमेकांना लागले तर ते काळ जोडलेले. ह्या पोरीचं पुढचं बघा, कागदात मावेना. खिडकीजवळच्या पोराचे तीन गोल तीन कोपऱ्यात. किती वेळ पेन्सिल धरून बसलाय तो.

आता दुसरा कागद. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ झेना मेलो आणि फ्रँक वॉरेल, त्यांनी किशोरवयीन मुलांसाठी केलेल्या प्रश्नावलीच्या धर्तीवर. त्यांच्याकडं 30 वाक्यं आहेत, प्रत्येकाला 1 ते 5, म्हणजे अजिबात पटत नाही ते पूर्ण पटतं. मागच्याबद्दल चांगली पाच, वाईट पाच, तसंच आत्ताचं, तसंच पुढचं, आणि चांगल्याची सरासरी वेगळी, वाईटाची वेगळी. मला तर ह्यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण नुसतं विचारलं की पुढं कसं वाटतं तर पोरगी "चांगलं वाटतं बाई" म्हणून मोकळी होते, पण इथं नर्स व्हायची आशा पण मोजली जाते आणि पोटातली भीती पण, एकीमुळं दुसरी झाकली जात नाही. दोन्ही आकडे एकदम मोठे येऊ शकतात. आपल्या शाळेत पोरांचं सगळं मोजतात, वजन, उंची, मार्क, हेच तेवढं कुणी मोजत नाही.

भाषा बदलली की प्रश्नावली नव्यानं तपासून घ्यावी लागते, ते अजून व्हायचंय, म्हणून वर्गाचे आकडे इथं देत नाही.

एका पोरीची पुढची भीती फार वर आली, बाईंनी तिला जवळ बसवून विचारलं तेव्हा कळलं की घरात लग्नाचं चाललंय. बाई तिच्या आजीशी बोलल्यात, बोलणी सध्या थांबलीत, आईबाप एप्रिलमध्ये येतील.