रविवारची नऊची उपासना

नमस्कार श्रोतेहो. "चर्चला यायचं असतं ओ, पण वेळच गावत नाही," ही तक्रार आपल्या कोल्हापुरात नेहमीची. फौंड्रीत पाळी, पोरांचा क्लास, आणि सकाळी सातपासून मटणाच्या दुकानापुढं रांग. रांगेचं मी समजू शकतो. तांबड्या रश्श्याला बाजारचा तयार मसाला घालणाऱ्यांचं मात्र काही समजत नाही. असो.

रविवारची सुट्टी काही आपोआप आलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली गिरणी कामगारांसाठी ती झगडून मिळवली. आपण ती मोबाईलवर घालवतो. तेव्हा वेळ काढायचा तो शनिवारी. वाटण शनिवारी, इस्त्री शनिवारी. पुन्हा सांगतो, शनिवारी.

आमच्या मंडळीतल्या एक मावशी खानावळ चालवतात. धंद्याचा खरा दिवस रविवार, तरी नऊच्या उपासनेला त्या हजर. पहाटे चारला रस्सा चढतो, साडेआठला दाराला कुलूप, वर पाटी : 'साडेअकरानंतर'.

एका रविवारी तालमीतला एक पैलवान भुकेनं कासावीस होऊन त्यांना शोधत थेट चर्चमध्ये आला. मागच्या बाकावर बसला. ना. वा. टिळकांचं भजन चाललेलं, त्यानंही टाळी धरली. एवढ्यात दानाची थैली पुढ्यात आली. खिशात पैसे नाहीत, खानावळीचं कूपन तेवढं. त्यानं तेच टाकलं!

आमच्याकडं कुणी कोंबडी, अंडी, मेथीची पेंडी अर्पण केली की उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. खजिनदारांनी कूपनही लिलावात काढलं. "एक मटण ताट! बोला!" बोली चढेल तसं पैलवानाचं तोंड उतरू लागलं, महिन्याचं शेवटचं कूपन होतं ते. तो मावशींकडं बघतोय, मावशी आभाळाकडं. शेवटी गड्यानं मित्राकडून पैसे मागवले आणि स्वतःचंच कूपन ताटाच्या दुप्पट किमतीला सोडवलं. रस्सा काय, कोल्हापुरात मोजून कोण वाढतंय? मावशींनी त्या दिवशी मटणाचे तुकडेही मोजले नाहीत.

ज्यांना रविवारीच पाळी असते, त्यांनी पाळकसाहेबांना सांगावं. आठवड्यात एखाद्या संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला मंडळी जमतातच. फक्त यजमानांनी पोहे करू नयेत. अर्धा तास त्यातच जातो, आणि मग प्रार्थना आटोपती घेतात. चहा चालेल.