कर्करुग्णांसाठी डोंगर चढताना

नमस्कार श्रोतेहो. पावसाळा सरला, वाटा वाळल्या, की गोव्यात डोंगर चढायचे बेत सुरू होतात. अशाच एखाद्या चढाईच्या निमित्ताने कर्करुग्णांसाठी निधी जमवायचं तुमच्या गावच्या मंडळाने, कॉलेजने किंवा कचेरीने ठरवलं असेल, तर आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे. निधी चढाईच्या दिवशी जमत नाही, तो आधीच्या पाच-सहा आठवड्यांत जमतो. त्यामुळे तयारीला हात घालायचा तो पैशाच्या बाजूने.

पैसा नेमका कशासाठी हवा, हे आधी पक्कं करा. उपचारांचा काही भार सरकारी योजना उचलतात. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं मूळ भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. कुटुंब खचतं ते पुढे. परळच्या टाटा रुग्णालयात रेडिएशन लागलं, तर ते बहुधा आठवड्याचे पाच दिवस आणि कित्येक आठवडे चालतं. तेवढे दिवस दोघांनी मुंबईत राहायचं, जेवायचं, आणि सोबत आलेल्याची रोजंदारी बुडते ती वेगळीच. म्हणून ज्या संस्थेला निधी द्यायचा, तिला विचारा की रुग्ण आणि सोबती यांच्या एका आठवड्याच्या राहण्या-जेवण्याला किती लागतात. तो आकडा घेऊन लोकांकडे जा. ‘कॅन्सरसाठी मदत करा’ म्हटलं की देणारा खिशात हात घालून सुटी नोट शोधतो. ‘एका घराचा एक आठवडा’ म्हटलं की तो विचार करतो.

दर १०० मीटर चढाईला अमुक रुपये, असा कबुलीचा प्रकार आपल्याकडे फारसा उपयोगाचा नाही. पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर साधारण ३५० मीटर. १०० मीटरला १०० रुपये धरले तर हाती ३५० येणार, आणि तेही चढून आल्यावर मागत फिरायचं. चढाई झाली की उत्साह ओसरतो, कबूल केलेल्या रकमा तशाच राहतात. ठरावीक रक्कम मागा आणि आधीच भरून घ्या.

क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा हवा. खजिनदाराच्या स्वतःच्या खात्यात पैसे घेतले की देणाऱ्याला करसवलतीची पावती मिळत नाही, आणि हिशेबावर शंका घ्यायला जागा राहते. संस्थेकडे ८०-जी नोंदणी, म्हणजे दात्याला करसवलत मिळवून देणारी नोंदणी, चालू आहे ना, ते कागद बघून ठरवा. दात्याचं नाव, पत्ता आणि पॅन त्याच वेळी लिहून घ्या. मागाहून पॅन मिळवणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर त्यावर करसवलत नाही, हे देणाऱ्याला आधी सांगायला हवं. रोख घेतलीच तर क्रमांक घातलेलं पावतीपुस्तक, मोजायला दोन माणसं, आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरणा.

आता खास गोव्याची अडचण. प्रत्येक वाड्यावरचं कुणी ना कुणी बाहेर असतं. आखातात नोकरीला असलेल्या आणि भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने बँकेतून पाठवलेली देणगी परकीय धरली जात नाही. पण ज्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, त्याची देणगी परकीय ठरते, त्याच्याकडे ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं, कार्ड असलं तरी. अशी रक्कम फक्त एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि ती आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. इथल्या भावाच्या खात्यावर मागवून पुढे देऊ, ही पळवाट कृपया काढू नका. चांगल्या संस्थेची नोंदणी त्यापायी धोक्यात येते.

चढाईचा खर्च निधीतून एक रुपयाही काढू नये, असं माझं ठाम मत आहे. समजा ४० जण आहेत आणि बस, नाश्ता, प्रथमोपचार मिळून १६,००० लागतात. तर माणशी ४०० प्रवेश शुल्क घ्या आणि त्याची वही वेगळी ठेवा. छापील टी-शर्ट नसले तरी काही बिघडत नाही.

डोंगर कुठला? सत्तरीतला सोसोगड उंच आणि देखणा खरा, पण तो म्हादई अभयारण्यातला. वनखात्याची परवानगी लागते, वाटेत मदत पोचायला वेळ लागतो, आणि २०१५ पासून सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. कोरड्या महिन्यांत गोचिडींमुळे तो धोका वाढतो. मिश्र वयाच्या मोठ्या गटाला चंद्रनाथ बरा. वर देवळाच्या जवळपास गाडीरस्ता जातो, म्हणजे कुणाला काही झालं तर खाली आणता येतं. देवस्थान समितीला आणि पंचायतीला आधी लेखी कळवा, जत्रेचे दिवस टाळा.

वेळेचा हिशेब असा: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर उंचीला आणखी एक तास. हे सराव असलेल्या माणसाचं गणित आहे. गटासाठी दुप्पट धरा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे सहाला निघालात तर ऊन तापायच्या आत उतरता येतं. आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. उंची कमी असूनही माणसं कोसळतात ती यामुळे. माणशी दोन लिटर पाणी हवं, आणि ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एका लिटरात. अर्ध्या लिटरात पूर्ण पाकीट घालू नये, मिठाचं प्रमाण बिघडतं. कुणी असंबद्ध बोलू लागला, पाय अडखळू लागले, की घाम येत असला तरी तो उष्माघात समजा. सावलीत आडवं करा, कपडे भिजवा, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

उपचार घेतलेली मंडळी चढाईला येणार असतील तर त्यांच्या डॉक्टरांची लेखी संमती हवी. काही केमो औषधांनी तळपाय बधिर होतात. चढताना कळत नाही, उतरताना पाऊल चुकतं. त्यांच्या हातात काठी आणि शेजारी माणूस द्या. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या खांद्यावर पिशवीचा पट्टा येऊ देऊ नये, हाताला सूज येऊ शकते. आजार हाडांत पोचलेल्यांनी खाली नोंदणीच्या टेबलावर बसावं. तिथेही अनुभवी माणूस लागतोच.

गटाच्या पुढे एक, मधे एक आणि सगळ्यात मागे एक जाणकार ठेवा. तिघांकडे शिट्टी असू द्या. मागच्याच्याही मागे कुणी राहायचं नाही. जांभ्यावरची सुटी खडी उतरताना घसरते, तेव्हा वरून येणाऱ्यांनी अंतर ठेवावं.

उतरल्यावर आठ दिवसांत जमा रक्कम, दात्यांची संख्या आणि चढाईचा वेगळा खर्च एका कागदावर लिहून सगळ्यांना पाठवा. संस्थेला दात्यांची यादी पॅनसह त्याच आठवड्यात द्या. प्राप्तिकर खात्याला द्यायचं देणग्यांचं विवरण आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत भरायचं असतं, आणि दात्याचं प्रमाणपत्र त्यातूनच निघतं. यादीतून नाव गळलं, तर त्या दात्याला सवलत मिळत नाही आणि पुढच्या वर्षी तो दार उघडेलच असं नाही.