हितं मुंगीला जागा न्हाई

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘नाताळची नाटिका : करमणूक की उपासना?’ माझं उत्तर आधीच सांगतो, उपासना. का, ते सांगायला अर्धा तास आहे.

पण आधी एक प्रसंग. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये येशूजन्माची नाटिका चालली होती. मी विंगेत वही धरून उभा. योसेफ आणि मरिया उतारशाळेच्या दारात आले. मालकाचं काम करणाऱ्या पोराला वहीत वाक्य दिलं होतं, ‘उतारशाळेत जागा नाही.’ ऐन वेळी ते गेलं विसरून. मी पुटपुटलो, त्याला ऐकू गेलं नाही. मग पोरगं घरच्या बोलीत म्हणालं, “फुडं व्हा पावणं, हितं मुंगीला जागा न्हाई!”

हॉल हसला. पण तिसऱ्या बाकावरच्या एक आजी उठून उभ्या राहिल्या. “आरं, बाई पोटुशी हाय! कुठं जाईल ह्या थंडीत?” हसू जागच्या जागी थांबलं. पोरानं आधी आजींकडं बघितलं, मग मरियेकडं. “मग गोठ्यात चला,” म्हणालं. आजी बसल्या, पदरानं डोळे पुसले.

आता बायबलातलं लूकचं शुभवर्तमान काढून बघा. त्यात उतारशाळेचा मालक नाहीच. गाढव नाही, गोठाही नाही. आहे ती गव्हाण, आणि बाळंत्यात गुंडाळलेलं बाळ. बाकीचं सगळं माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या भरत आणलंय. त्या रात्री आजींनीही एक वाक्य भरलं.

आणि काही वर्षांनी काय झालं? एका चर्चमध्ये ठरलं, मुलं अडखळतात, म्हणून संवाद आधी रेकॉर्ड करून घ्यायचे. आवाज भाड्याचे, शुद्ध पुस्तकी. पोरांनी नुसते ओठ हलवायचे. मी त्या रात्री मागं बसलो होतो. एक पोर ओठ हलवायचं विसरलं, तरी त्याचा आवाज स्पीकरमधून येतच राहिला. मला भरून आलं. आजी उठल्या असत्या, तर त्यांना उत्तर कुणी दिलं असतं? मेंढपाळांना सॅटिनचे झगे होते. अहो, पट्टणकोडोलीच्या यात्रेत खांद्यावर घोंगडी टाकलेले धनगर बघणारी माणसं आपण! रानात मेंढरं बसवून रात्र जागणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला हवं का?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. मुद्दा भरभर सांगतो.

१२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसनी खरी गव्हाण मांडली, गवत घातलं, बैल आणि गाढव आणलं, आणि मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षारसाची उपासना, झाली ती त्या गव्हाणीवरच. देखावा आणि उपासना तिथं वेगळी नव्हती. आपल्याकडं १८५२ साली अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेब कोल्हापुरात आले, त्यांच्याबरोबर परक्या चालीही आल्या. पुढं १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनं लिहिली आणि उपासना मराठी गळ्यात बसली. गाण्याचं जे झालं, तेच नाटिकेचं व्हावं. शास्त्रवाचन झालं की लगेच नाटिका, मग संदेश, मग अर्पण. जेवणानंतर, निम्मी मंडळी घरी गेल्यावर नको.

तालमी रविवारपासून, उपासना सुटल्यावर. आपल्याकडं दोन घोंगडी कमी आहेत. कुणाच्या घरी असतील तर घेऊन या, नाव घालून ठेवा म्हणजे परत देता येतील.